मोनोक्युलर घ्यावी की बायनॉक्युलर? (संभाजी तलाव, हिप्परगा, नान्नज आणि शर्टाचा खिसा)

सातरस्ता
४ डिसेंबर, रात्री ९.१२

मंडळी, नमस्कार. सहा-सात वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बीपी निघाल्यापासून रोज सकाळी आमच्या सोलापूरच्या संभाजी तलावावर चालायला जातो. वर्षभर खाली मान घालून फेऱ्या मोजल्या. मागच्या महिन्यात कठड्यापाशी एक आजी नातवाला सांगत होत्या, "तो बघ, काळा, कपाळाला पांढरा टिळा. तो वारकरी." मी वळून रस्त्याकडे बघितलं. त्या पाण्याकडे बोट दाखवत होत्या. तेव्हापासून पक्षी बघायचा नाद लागलाय. पण कठड्यापासून पंचवीस-तीस फुटांपलीकडे गेलं की माझ्यासाठी सगळेच काळे ठिपके.

तर मोबाइलवर एक जाहिरात पाठ सोडत नाही. '४०×६०' मोनोक्युलर, रात्रीही लख्ख दिसतं, मोबाइलला लावायची क्लिप आणि छोटं तिकाटणं फुकट, १२९९ रुपये. ऑफिसातले एक जण म्हणतात, एका डोळ्याची कशाला घेता, ती जहाजावरच्या चाच्यांची. घ्यायची तर बायनॉक्युलर. मला मात्र खिशात मावणारी हवी आहे. एका हातात काठी असते (कुत्री), आणि गळ्यात एवढं मोठं धूड अडकवून फिरायची लाज वाटते.

मोनोक्युलर म्हणजे बायनॉक्युलरचा अर्धा भागच ना? मग ती अर्ध्या कामाची असते का? बजेट पाच हजार, ताणून सहा. पुढेमागे हिप्परग्याच्या तलावावर आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही जायचा विचार आहे.

कडकभाकरी
४ डिसेंबर, रात्री ९.२०

काय करलालाव ओ काका! वारकरी बघायला दुर्बीण? आषाढीला पंढरपूरला या, नुसत्या डोळ्यांनी लाखांत दिसतील.

माळरान
४ डिसेंबर, रात्री १०.४५

जाहिरात आधी डोक्यातून काढा. ती खोटी आहे हे तिच्याच आकड्यांवरून कळतं.

पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसणार. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा, म्हणजे मागून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ६० भागिले ४० म्हणजे दीड मिमी. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिमी असते, अंधारात पाच ते सात होते. म्हणजे रात्री बाहुली सताड उघडून बसलीय आणि दुर्बिणीतून दीड मिमीची बारीक धार येतेय. कसलं लख्ख दिसणार? याउलट ८×४२ ला सव्वापाच मिमी मिळतात, म्हणून दिवेलागणीलाही ती उजळ वाटते. खिशातल्या १०×२५ चे अडीच. दुपारी उत्तम, सांजेला कामातून गेली.

शिवाय ४० पट म्हणजे हाताची थरथरही ४० पट. दहापटीच्या वर नुसत्या हातात स्थिर धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्या जाहिरातीतल्या नळ्या प्रत्यक्षात आठ-दहा पटीच्याच निघतात.

आता अर्ध्या भागाचं. काचेच्या हिशेबाने तुमचं बरोबर आहे. पुढे भिंग, मध्ये उलटी-सुलटी झालेली प्रतिमा सरळ करणारे लोलक, मागे डोळ्याचं भिंग, सगळं तेच. पण वापरताना ती अर्ध्याहूनही कमी पडते, हे माझं मत. मागच्या जानेवारीत नान्नजला सकाळी सव्वासातला कुसळी गवतात नुसते दोन कान दिसले. लांडगा बसलेला. आम्ही पंचवीस मिनिटं हललो नाही. माझ्याकडे ८×४२ बायनॉक्युलर, दोन्ही हातांत, कोपरं छातीला टेकवलेली. शेजारी मित्र, त्याच्याकडे ८×२५ मोनोक्युलर. पाच मिनिटांत त्याचं सुरू झालं: एक डोळा मिटून मिटून गाल आखडला, मग हात बदल, मग डोळा बदल. लांडगा उठला, आळस दिला, मागे वळून बघितलं आणि उतरणीला गेला. सगळा प्रकार सात-आठ सेकंदांचा. मित्र तेव्हा नेमका डोळा बदलत होता.

दोन्ही डोळ्यांनी बघितलं की मेंदू दोन्हीकडची माहिती जोडतो. तीच प्रतिमा जास्त खुलते, गवतातलं करडं पाखरू करड्या गवतापासून वेगळं निघतं. मोनोक्युलर काही वेळ बघायला ठीक. तास-दोन तास बसायचं असेल तर बायनॉक्युलरच.

(माळढोक विचाराल तर अभयारण्य १९७९ पासून त्याच्या नावाचं आहे. दिसला तर आता पेपरात बातमी येते.)

साठपट
४ डिसेंबर, रात्री ११.०५

दोन्ही राहू द्या. २०-६०×८० चा स्पॉटिंग स्कोप (वीस ते साठ पट फिरवता येणारी मोठी दुर्बीण) आणि दणकट तिकाटणं. सगळ्यांचा बाप. हिप्परग्याच्या बांधावरून पलीकडच्या काठाच्या पट्टकादंबाच्या डोक्यावरचे दोन पट्टे मोजता येतात.

कडकभाकरी
४ डिसेंबर, रात्री ११.०९

काका 'शर्टाचा खिसा' म्हणाले हो. तुम्ही त्यांना हमाल लावायला सांगताय.

माळरान
५ डिसेंबर, सकाळी ६.३०

@साठपट, डिसेंबरात हिप्परग्याला सकाळी नऊपर्यंत स्कोपसारखं सुख नाही, मान्य. पण हे सोलापूर आहे. मार्चपासून नान्नजला साडेनऊ वाजले की जमीन तापते आणि झळा सुरू होतात. तेव्हा २० च्या पुढे फिरवलंत की काळवीट पाण्यात उभा असल्यासारखा हलतो, शिंगांचे पीळ वितळतात. हवाच डुगडुगतेय, तिला साठपट मोठं करून काय मिळणार? तेव्हा आठपटीचीच प्रतिमा जास्त स्वच्छ दिसते. आपल्याकडे सहा महिने तरी मोठ्या आकड्यांचा उपयोग सकाळचे दोन तास.

साठपट
५ डिसेंबर, सकाळी ८.१५

झळांचं खरं आहे. म्हणूनच मी लवकर उठतो. :)

झेडपीवाला
५ डिसेंबर, सकाळी १०.०२

माझ्या मोबाइललाच १०० पट झूम आहे. वेगळं काही कशाला घ्यायचं?

मृगनक्षत्र
५ डिसेंबर, सकाळी १०.४०

त्यातलं भिंगाने होणारं झूम थोडं, बाकी सगळं फोटो ताणून आणि सॉफ्टवेअरने रंगवून. बदक दिसतं, पण बदकाचं पीस मोबाइलने मनाने काढलेलं असतं.

मूळ मुद्द्यावर: हा वाद काकांचा नाही, चारशे वर्षांचा आहे. हॉलंडमध्ये १६०८ साली लिपरशे नावाच्या चष्मेवाल्याने दुर्बिणीचं पेटंट मागितलं. तिथल्या सरकारने नळी बघितली, आवडली, आणि सांगितलं, हीच दोन डोळ्यांनी बघता येईल अशी करून आण. त्याने करून दिली. पैसे मिळाले, पेटंट मिळालं नाही. म्हणजे 'एका डोळ्याची कशाला' म्हणणारे तुमच्या ऑफिसातले ते गृहस्थ पहिले नव्हेत.

तरी जगातली सगळ्यात गाजलेली दुर्बीण एका डोळ्याचीच. गॅलिलिओची, जेमतेम २० पट. १६१० च्या जानेवारीत तिच्यातून गुरूचे चंद्र सापडले. तिच्यातून एका वेळी दिसणारा भाग इतका अरुंद की पौर्णिमेचा चंद्रसुद्धा पुरता मावत नसे. आजची साधी ८×४२ मोनोक्युलर सात-साडेसात अंश दाखवते, म्हणजे किलोमीटरभर अंतरावर सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा. कृत्तिकांचा अख्खा झुबका त्यात आरामात बसतो. १०× ची मोनोक्युलर गच्चीच्या कठड्यावर टेकवून गुरूकडे धरा, शेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतील. तेच ते चंद्र. शनीची कडी मात्र तिच्यातून दिसत नाहीत, जाहिरातीत काहीही दाखवू देत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. संक्रांतीला गच्चीवरून पतंग बघायला पोरांच्या हातात दुर्बीण देऊ नका. पतंगामागे फिरताना क्षणभर जरी सूर्य आत आला तरी डोळ्याचा पडदा भाजतो, आणि भाजताना दुखतही नाही.

हुतात्मा_एक्स्प्रेस
५ डिसेंबर, दुपारी १.२५

पुण्यातून टंकतोय, पण जीव तिकडेच.

मोनोक्युलरच्या बाजूने कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. २०१४ मध्ये तीन हजारांची बायनॉक्युलर घेतली होती. गाडीवरून हिप्परग्याला जाताना तुळजापूर रोडच्या एका खड्ड्यात पिशवीसकट पडली. वरून ओरखडाही नाही. तलावावर जाऊन बघतो तर बदकं दुप्पट. मी खूश, म्हटलं यंदा पाहुणे फार आलेत. मग लक्षात आलं, सगळी जोडीजोडीने आणि एकाच कोनात तिरकी. दोन नळ्यांची तोंडं एकमेकांपासून जराशी फिरली होती. दहा मिनिटांत डोकं चढलं. दुरुस्तीला विचारलं तर नवी घ्या म्हणाले.

स्वस्तातल्या बायनॉक्युलरचं हे दुखणं न पडताही असतं, दुकानातूनच वाकडी येते. मोनोक्युलरला नळीच एक, ती कुणाशी भांडणार? शिवाय पाच हजारांत बायनॉक्युलर घेतली की ते पैसे दोन नळ्यांत वाटले जातात. त्याच पैशात मोनोक्युलरला चांगली काच मिळते. बारा-पंधरा हजार असतील तर माळरानसाहेबांचं ऐका. पाचच असतील तर माझं.

कडकभाकरी
५ डिसेंबर, दुपारी १.३१

पक्षीगणनेला ह्यांनाच पाठवा. आकडे वाढतील.

माळरान
५ डिसेंबर, दुपारी २.१०

:)) पाच हजारांचा मुद्दा बिनतोड आहे, मागे घेतो थोडं. तरी सांगतो, नाकाडी पोरो लोलकाच्या बायनॉक्युलरीत (त्या जुन्या, खांदे पसरलेल्या) कमी पैशातही बरी प्रतिमा मिळते. सरळ नळीच्या, आत छपरासारखे लोलक असलेल्या दुर्बिणी नीट बनवायला महाग पडतात.

पिकग्लास
५ डिसेंबर, सायंकाळी ५.५०

माझा अनुभव जरा उलट्या बाजूचा. शब्दशः.

गिरणीत आणि नंतर चादरीच्या कारखान्यात कापड तपासणीला एकतीस वर्षं काढली. आमचं हत्यार पिक ग्लास. घडीचं छोटं पितळी भिंग, खाली एक इंचाची चौकट. कापडावर ठेवायचं, वाकायचं, सुईच्या टोकाने इंचात उभे धागे किती, आडवे किती ते मोजायचं. दिवसभर एकच डोळा. आम्ही दुसरा डोळा कधी मिटायचो नाही. उघडाच ठेवायचा, फक्त त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. पहिला आठवडाभर दोन्ही चित्रं एकमेकांवर चढतात, मग मेंदू नको ते आपोआप बाजूला करतो. माळरान यांच्या मित्राचा गाल दुखला कारण त्याने डोळा मिटला. जमत नसेल तर दुसऱ्या डोळ्यापुढे तळहात आडवा धरा, पण मिटू नका.

आता उलटं म्हणजे काय. नातवाने मोनोक्युलर आणली तेव्हा मी ती पालथी केली. मोठ्या भिंगाला डोळा लावला, लहान टोक टॉवेलच्या इंचभर वर आणलं, हळूहळू मागेपुढे केलं. पीळ दिसला सुताचा! एकेक तंतू. रिटायर झाल्यावर पहिल्यांदा इंचभर धागे मोजले, घरच्याच टॉवेलचे. (धागा भरकटवला असेल तर माफी, पण आमचा जन्मच धाग्यात गेला.)

मृगनक्षत्र
५ डिसेंबर, सायंकाळी ६.१५

वा काका, दंडवत! अवांतर: दुर्बीण हा शब्द फारसीतला, दूरचं बघणारी ती. आणि सूक्ष्मदर्शकाला म्हणतात खुर्दबीन, बारीक बघणारी. तुम्ही दूरबीन पालथी करून खुर्दबीन केलीत.

होटगीरोडचा_चष्मा
५ डिसेंबर, रात्री ८.४०

चष्म्याच्या दुकानात बसतो म्हणून दोन शब्द.

चष्मा लावणाऱ्याने पटीआधी एक गोष्ट बघावी: मागच्या काचेपासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं. चष्म्यासकट बघायचं तर ते अंतर १५ मिमीच्या वर हवं. नाहीतर गोल खिडकीऐवजी भोकातून बघितल्यासारखं दिसतं आणि लोक म्हणतात दुर्बीण खराब. खिशातल्या चिमुकल्या मोनोक्युलरींत हे अंतर बऱ्याचदा कमी असतं. मागची रबरी वाटी दुमडून किंवा फिरवून खाली करा. नुसता जवळचा किंवा दूरचा नंबर असेल तर चष्मा काढूनही चालतं, फोकस फिरवला की झालं. तिरका नंबर मोठा असेल तर चष्मा काढू नका.

बायनॉक्युलरवाल्यांतल्या निम्म्यांनी उजव्या काचेवरची ती वेगळी फिरकी कधी हलवलेलीच नसते. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, ती त्यासाठी असते.

आणि काच शर्टाने, ओढणीने, चादरीने पुसू नका. आपल्याकडे पावसाचं भय नाही, धुळीचं आहे. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ कापड. धूळ असताना पुसणं म्हणजे पॉलिश पेपर घासणं.

@सातरस्ता, तुम्ही चष्मा लावता का? आणि दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसतं का? हे विचारल्याशिवाय सल्ला देण्यात अर्थ नाही.

बाळीवेस
५ डिसेंबर, रात्री १०.०५

पक्ष्यांतलं मला काही कळत नाही, पण आमच्या घरात मोनोक्युलर अकरा वर्षं आहे आणि ती चैन नाही, म्हणून लिहिते.

माझ्या धाकट्या भावाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून कमजोर. चष्म्याने सुधारत नाही. पहिल्या बाकावर बसूनही फळ्यावरचं दिसायचं नाही, शेजारच्याच्या वहीतून उतरवायचा. सातवीत असताना डोळ्यांच्या डॉक्टरांनी ४×१२ ची मोनोक्युलर दिली. अंगठ्याएवढी. फळ्याची एक ओळ बघायची, लिहायची, परत बघायची.

पण तिचा खरा उपयोग एसटी स्टँडवर झाला. गाडी लागली की सगळे धावायचे, हा मात्र विचारत राहायचा, "ही कुठली?" एकदा एकाने विचारलं, "का, वाचता येत नाही का?" तेव्हा तो बारावीला होता. घरी येऊन दोन दिवस बोलला नाही. आता बोटाला दोरी अडकवलेली असते. गाडी वळली की नुसत्या डोळ्यांनी काचेमागची पांढरी पाटी हेरतो, मान तशीच धरून नळी वर आणतो, 'अक्कलकोट' वाचतो आणि सगळ्यांच्या आधी चढतो. आधी नजर लावायची, मग नळी डोळ्याला आणायची. उलट केलं तर पाटी सापडेपर्यंत गाडी गेलेली असते. हे त्याने नवी पेठेत दुकानांच्या पाट्या वाचून वाचून पक्कं केलं. कुणीकुणी फोटो काढतो म्हणून हटकतात, मग हातात देऊन दाखवतो.

त्याला बायनॉक्युलर देऊन बघितली होती. रस्त्यात दोन्ही हात अडकले की काठी कुठे धरणार? चारच पट असल्याने हात हलला तरी चित्र हलत नाही आणि वीतभरावरच्या औषधाच्या बाटलीवरचंही वाचता येतं. मोठी बायनॉक्युलर एवढ्या जवळ फोकसच होत नाही.

त्यामुळे 'अर्ध्याहून कमी' हे काही पटलं नाही, रागावू नका.

माळरान
५ डिसेंबर, रात्री १०.३०

ताई, रागावण्याचा प्रश्नच नाही. मी लांडग्याच्या हिशेबाने बोललो, एसटीच्या नाही. शब्द मागे. भावाला सांगा, नजर आधी आणि नळी नंतर ही युक्ती आम्हाला शिकायला दोन वर्षं लागली.

सातरस्ता
६ डिसेंबर, सकाळी ६.५०

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

@होटगीरोडचा_चष्मा, तुमच्या प्रश्नाने पंचाईत केली. मला वाटलं नव्हतं ह्याचा संबंध येईल. माझा डावा डोळा लहानपणापासून कामाचा नाही. दिसायला दोन्ही सारखे. तिसरीत शाळेच्या तपासणीत कळलं. वडिलांनी चष्मा आणला, मी तो दप्तरात ठेवायचो. डाव्या डोळ्याला मोठ्या बोर्डावरची अक्षरं नुसती सावलीसारखी दिसतात. पन्नास वर्षांत त्याची इतकी सवय झाली की धाग्यात लिहायचं सुचलंच नाही.

आणखी एक कबुली. ती ४०×६० मी धागा काढायच्या आदल्या दिवशीच मागवली होती. काल आली. पैसे आमच्या सौभाग्यवतींनी दिले, त्यामुळे विषय सध्या नाजूक आहे.

होटगीरोडचा_चष्मा
६ डिसेंबर, सकाळी ९.२०

मग प्रश्नच मिटला. ह्याला आळशी डोळा म्हणतात. डोळा धड असतो, पण लहानपणी मेंदू त्याच्याकडून बघायला शिकत नाही. तुम्ही बायनॉक्युलर घेतलीत तर डावी नळी फुकट उचलून फिरणार, सहा-सातशे ग्रॅम गळ्यात. माळरान जे दोन डोळ्यांचे फायदे सांगताहेत ते तुमच्या पदरात पडतच नाहीत. ८×४२ मोनोक्युलर तीनशे ग्रॅमच्या आसपास. तुमच्यासाठी ती अर्धी नाही, पूर्ण आहे.

आणि लाज कसली, दर दोन-चार दिवसांनी असं कुणीतरी दुकानात भेटतं.

कडकभाकरी
६ डिसेंबर, सकाळी ९.३०

सोळा प्रतिसाद झाल्यावर काका सांगतात एकच डोळा चालतो. आता सौभाग्यवतींना काय सांगायचं त्याचा वेगळा धागा काढा.

पिकग्लास
६ डिसेंबर, सकाळी १०.१०

ती ४०×६० टाकू नका, तिची पट मोजा. सोपं आहे. फाटकाचे उभे गज किंवा विटांची भिंत समोर धरा. एका डोळ्याने नळीतून, दुसऱ्याने उघड्याने, दोन्ही एकदम. नळीतल्या एका विटेच्या जाडीत उघड्या डोळ्याच्या किती विटा बसतात ते मोजा. तितकी पट.

सातरस्ता
६ डिसेंबर, सकाळी १०.१४

काका, दोन्ही डोळे एकदम?

पिकग्लास
६ डिसेंबर, सकाळी १०.१६

अरेच्चा. घरात कुणालातरी बोलवा.

माळरान
६ डिसेंबर, दुपारी १२.००

रविवारी सकाळी साडेसहाला मी हिप्परग्याला आहे. मित्राची ८×२५ (तीच, लांडगा हुकलेली) आणि एकाकडून ८×४२ मोनोक्युलर घेऊन येतो. हातात धरून बघा, मग पैसे घाला.

सातरस्ता
८ डिसेंबर, रात्री ८.३५

काल जाऊन आलो. थंडी चांगली होती, पाण्यावर धूर. माळरानसाहेब, साठपटसाहेब आणि मी.

आधी ८×२५ घेतली. खिशात बसते, झकास. पण सात वाजेपर्यंत तिच्यातून सगळं राखाडी. मग ८×४२ डोळ्याला लावली आणि जणू कुणी दिवा लावला. वारकरी तर डझनावारी. साठपटसाहेबांनी स्कोपमधून पट्टकादंब दाखवले. खरंच दोन पट्टे, शाईच्या पेनने ओढल्यासारखे. स्कोपलाही एकच डोळा लागतो हे तिथे गेल्यावर लक्षात आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाहून काही कमी दिसत नव्हतं.

मला हात स्थिर धरायला जमेना. माळरान म्हणाले, काठी उभी धरा, मुठीवर नळी टेकवा. कुत्र्यांसाठी आणलेली काठी. कापरं एकदम थांबलं. तेवढ्यात बोरूच्या कडेला एक करडं बदक आलं, ज्याला मी रोज 'साधं बदक' म्हणतो. चोच काळी, टोकाला पिवळी, आणि चोच जिथे कपाळाला लागते तिथे दोन लाल टिकल्या. माळरान हळूच म्हणाले, "हळदी-कुंकू." नाव ठेवणाऱ्या बाईने किंवा बुवाने ते नक्की जवळून बघितलं असणार. उघड्या डोळ्यांनी बघितलं, परत करडं. नळी लावली, परत हळदी आणि कुंकू. असं मी पाच-सहा वेळा केलं.

८×४२ घेतोय. खिशात मावत नाही, स्कूटरच्या डिकीत राहील. साडेपाच हजार.

बाळीवेस
८ डिसेंबर, रात्री ९.००

काठीवर टेकवायचं भावाला सांगितलं. म्हणाला, "मी आठ वर्षांपासून तेच करतो."

मृगनक्षत्र
८ डिसेंबर, रात्री ९.१०

मस्त! आणि ४०×६० किती पटीची निघाली?

सातरस्ता
८ डिसेंबर, रात्री ९.४०

मुलीने समोरच्या वाड्याच्या विटांवर मोजली. नऊ. फार तर साडेनऊ. पुढच्या काचेला पट्टी लावली तर ती ६० नाही, ४० मिमी भरली. क्लिप आल्या दिवशीच तुटली. रात्री लख्ख दिसतं म्हणे, आम्हाला रस्त्यावरचा दिवा लख्ख दिसला.

पिकग्लास
८ डिसेंबर, रात्री ९.५५

मोडीत देऊ नका, मला द्या. उघडून बघायचंय आत लोलक कसले घातलेत.

सातरस्ता
८ डिसेंबर, रात्री १०.०२

आता उशीर झाला काका. सौभाग्यवतींनी ताब्यात घेतलीय. पुढच्या महिन्यात गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) गर्दीत मागे उभं राहावं लागतं, नंदीध्वजांची टोकंच दिसतात, म्हणून. त्यांना नऊ पट पुरेशी आहे म्हणाल्या.

कडकभाकरी
८ डिसेंबर, रात्री १०.०५

विषय नाजूक नाही राहिला म्हणजे.